थांब्यापुरत्या पाचजणी

आमच्या कंपनीच्या बसचा नियम असा, की एका थांब्यावर किमान पाच बायका हव्यात. चार झाल्या की थांबा बंद. हा नियम कुणी केला, कधी केला, कुठे लिहिलाय, हे मी सहा वर्षांत निदान वीस वेळा विचारलं असेल. बसचं सगळं बघणारा कुलदीप दर वेळी एकच सांगायचा, "ताई, वरून आलंय." वरून म्हणजे कुठून, ते त्यालाही माहीत नव्हतं. बस भोसरीहून निघते आणि मोशीवरून नाशिक रस्त्यानं चाकणला जाते. आमच्या चऱ्होलीसाठी तिला मोठा रस्ता सोडून पाच-सहा किलोमीटर आत यावं लागतं. तेवढं डिझेल पाचापेक्षा कमी बायकांसाठी जाळणं कंपनीला परवडत नाही म्हणे. पुरुषांचं बरं असतं, ते आपापल्या गाड्या दामटत येतात.

मी सुमन. माहेर आणि सासर दोन्ही परभणीकडचं, पण चऱ्होलीत राहून पंधरा वर्षं झाली. आलो तेव्हा आमच्या खोलीच्या मागे ज्वारी होती, आता बारा-बारा मजल्यांच्या इमारती आहेत आणि त्यांचे पडदे मला पाठ झालेत. नवरा समाधान भोसरीत एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतो. मुलगा प्रज्वल दहावीला. घरात मोटारसायकल एकच, ती समाधानची.

मी चाकणला वायरिंगच्या कंपनीत टेपिंगला होते. चारचाकी गाडीच्या पोटात वायरींचं एक जाळं असतं. ते आम्ही बायका एका मोठ्या फळीवर मांडतो, त्याला काळी टेप गुंडाळतो, टोकांना प्लास्टिकचे कनेक्टर बसवतो. काम सुरू केलं तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. पहिल्या पगारातून मी स्वतःसाठी चष्मा केला. त्याआधी सात वर्षं समाधानला सांगत होते की डोळे दुखतात, आणि तो सात वर्षं म्हणत होता, मालिका कमी बघ. कंपनीत बसल्यावर आठ तास मला कुणी टॉवेल कुठेय म्हणून विचारायचं नाही. हाताला काम, डोक्याला शांतता आणि जेवायच्या सुट्टीत दुसऱ्या कुणीतरी केलेली भाजी. एवढंच होतं, पण ते माझं होतं आणि मला ते टिकवायचं होतं. लोक काय काय टिकवायला धडपडतात. मी बसचा थांबा टिकवायला धडपडले.

एके काळी त्या थांब्यावर आम्ही अकराजणी होतो. मग एकीचं लग्न झालं, एकीला दिवस गेले, एकीच्या नवऱ्याची बदली झाली. एकीच्या सासूचा गुडघा गेला. गुडघा सासूचा गेला आणि नोकरी सुनेची गेली. असं करत करत आम्ही पाचावर आलो. मी, स्वरूपा, नवऱ्यानं टाकलेली दीपमाला आणि दोघी सख्ख्या जावा. त्या दोघी एकत्रच चढायच्या, एकत्रच उतरायच्या आणि घरचं भांडणही बसमध्येच उरकायच्या. पाच म्हणजे अगदी काठावर. कुणी नुसतं शिंकलं तरी मी विचारायची, ताप नाही ना गं?

स्वरूपा आमच्यात सगळ्यांत लहान, तेवीस वर्षांची. उदगीरकडची, बारावी झालेली. भाऊ ज्ञानेश आणि वहिनीजवळ चऱ्होलीतच राहायची. ती चेकिंगला होती. तयार झालेलं जाळं चेकिंगच्या फळीवर लावायचं, सगळं बरोबर असेल तर हिरवा दिवा लागतो. पण स्वरूपाला दिव्याची गरजच नव्हती. कनेक्टर नीट बसला की टक् असा आवाज येतो, आणि शेजारी चार मशिनं कोकलत असताना या पोरीला कळायचं की पलीकडच्या टेबलावर कुणाचातरी टक् झाला नाही. ती तिथूनच ओरडायची, "निळा परत बसवा!" पुरुष ऑपरेटर आधी हसायचे, मग मुकाट्यानं परत बसवायचे. साहेबांनी तिला सांगितलं होतं, दिवाळीत तुला लाइन लीडर करू. म्हणजे चोवीस माणसांच्या लाइनीची प्रमुख. त्यांत नऊ पुरुष. मला तिचा फार अभिमान वाटायचा, जणू काही ते आवाज ऐकायला मीच तिला शिकवलं होतं.

वैशाखात ज्ञानेशनं तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली. दोन आली. एक उदगीरचं, किराणा दुकानदार. दुसरं इथलंच, चऱ्होलीतलं. मुलगा सुजित, भोसरीत एका कंपनीत कंत्राटावर. वडील रंगराव कंपनीतून निवृत्त झालेले. आई मंजुळाबाई. माणसं अहमदपूरकडची, अर्ध्या गुंठ्यात स्वतःचं दुमजली घर. आता माझा स्वार्थ सांगते, लपवून काय करायचं? पोरगी उदगीरला गेली तर थांब्यावर चार उरणार होत्या. चऱ्होलीत दिली तर पाचच्या पाच. मी देवापुढे दिवा लावताना सुजितचं नाव घेत होते.

एक दिवस बसमध्ये स्वरूपा माझ्या शेजारी येऊन बसली.

"ताई, सुजितच्या आई तुमच्याकडे चौकशीला येतील. कामावरचं कोण आहे विचारलं तर वहिनीनं तुमचं नाव सांगितलं."

"येऊ दे की. सोनं आहेस म्हणून सांगते."

"सोनं नका सांगू. खरं सांगा. मी चेकिंगला आहे, दिवाळीत लीडर होणार आहे, दुसरी पाळी पण करावी लागेल आणि मी नोकरी सोडणार नाही, हे सगळं सरळ सांगा. घरी हे बोलायची माझी हिंमत होत नाही, दादा म्हणेल आताच कशाला विषय. त्यांना पटत नसेल तर त्यांनी आत्ताच नाही म्हणावं. मला चालेल."

"बरं," मी म्हणाले.

"नक्की ना ताई?"

"अगं नक्की म्हटलं ना."

चौकशीची आमच्याकडे एक रीत आहे. मुलीचं शिक्षण, जमीनजुमला, भाऊ-बहिणी हे सगळं पाव्हण्यांकडून कळतं. पण मुलगी वागायला कशी, हे शेजारणीकडून किंवा कामावरच्या बाईकडून काढून घेतात. आणि सांगणारीनं चांगलंच सांगायचं असतं. ठरत आलेलं लग्न आपल्या तोंडानं मोडलं तर जन्मभर नाव निघतं, की अमकीनं खो घातला. आता चांगलं म्हणजे काय, ते मात्र कुणी शिकवत नाही. ते समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघून ठरवायचं असतं. मी आजवर चार-पाच पोरींबद्दल असं सांगितलेलं आहे आणि सगळ्याजणी माझ्या तोंडी शांत, समंजस आणि स्वयंपाकात तरबेज होत्या.

मंजुळाबाई रविवारी दुपारी आल्या. भरल्या अंगाच्या, कपाळावर मोठं कुंकू, चप्पल दाराबाहेर व्यवस्थित जोडून ठेवली. मी चहा टाकला. त्यांनी घरभर नजर फिरवली, प्रज्वलच्या पुस्तकांकडे बघून मान हलवली आणि बशीत चहा ओतता ओतता सुरुवात केली.

"पोरगी कशी हाय ओ?"

"चांगली आहे काकू. फार चांगली."

"चांगली तर सगळेच म्हणतेत. कंपनीत बाप्या मानसात काम करती म्हणं?"

आता इथे मी सांगायला हवं होतं, की हो, करते आणि त्यांच्या चुका काढते. पण मंजुळाबाईंनी 'बाप्या मानसात' म्हणताना बशी खाली ठेवली होती. मी त्या बशीकडे बघितलं. मला उदगीरचा दुकानदार दिसला, चार बायकांचा थांबा दिसला.

"छे हो," मी म्हणाले. "बायकांचंच टेबल वेगळं आहे. साधं पॅकिंगचं काम आहे तिचं. खोक्यात भरायचं, चिकटपट्टी लावायची."

"आन् रातपाळी?"

"ते आपल्या मनावर असतं."

"नौकरीचं कसं मग? लग्न झाल्यावर सोड म्हणलं तर सोडंल का? का तोंड वर करंल?"

"स्वरूपा? अहो, तोंड वर करणं तिला ठाऊकच नाही. म्हणाल तेव्हा सोडेल. घरी बसून कंटाळते म्हणून येते एवढंच."

मंजुळाबाईंनी बशी उचलली आणि चहा पिऊन संपवला. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी दार लावून घेतलं आणि मनाला समजावलं, की एकदा लग्न होऊ दे, घरात पगार येऊ दे, मग कोण सोड म्हणतंय? हाती आलेला पगार आजवर कुणी परत पाठवलाय? मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

सोमवारी बसमध्ये स्वरूपानं विचारलं, "सांगितलंत?"

"सगळं सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? चहा प्यायल्या."

ती हसली. तिचा चेहरा असा खुलला, की मला क्षणभर खरंच वाटलं, आपण सगळं सांगितलंय.

जूनमध्ये लग्न झालं. चऱ्होलीतच, कार्यालयात, आम्ही चौघीजणी बसच्या रांगेत बसल्यासारख्या एका रांगेत जेवायला बसलो. आठ दिवसांत स्वरूपा हातभर चुडा घालून थांब्यावर हजर. कंपनीत काचेच्या बांगड्या चालत नाहीत म्हणून बसमध्येच एकेक काढून डब्याच्या पिशवीत ठेवायची आणि परत येताना एकेक चढवायची. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तिनं टेबलावरच्या एका पोरीशी पाळी बदलून घेतली, तेव्हा मला जरा खटकलं. पण मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. कुलदीपच्या यादीत पाच नावं पुरी होती, मी खूश होते. दीपमालेला एकदा फुशारकीनं म्हणालेसुद्धा, "हा थांबा मी वाचवलाय."

नवरात्र संपलं आणि स्वरूपाला लाइन लीडरचं पत्र मिळालं. त्यात लिहिलं होतं, एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, बदल मिळणार नाही. ती ते पत्र बसमध्ये दोनदा वाचत होती. मग घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी आम्ही कंपनीत पोचलो तेव्हा गेटवर सुजित उभा होता, हातात तिचं ओळखपत्र आणि निळा कोट. मला बघून त्यानं मान खाली घातली. तो पोरगा तसा वाईट नव्हता. वाईट असता तर निदान दोन शब्द सुनावता आले असते.

पहिली पाळी सुटल्यावर मी घरी न जाता सरळ त्यांच्या घरी गेले. मंजुळाबाई पुढच्या खोलीत मेथी निवडत होत्या. आतल्या खोलीत टीव्ही चालू होता, म्हणजे रंगराव आत होते. स्वरूपानं पाणी आणून दिलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. तिच्या हातात सगळ्या बांगड्या होत्या.

"काकू," मी म्हणाले, "स्वरूपाला लीडर केलंय. अख्ख्या लाइनीत तिच्याइतकं कुणाला कळत नाही. दुसऱ्या पाळीला बस दारापर्यंत नसली तरी फाट्यापर्यंत येते, मी सोबत असते. असं कसं सोडवता तुम्ही?"

"आमी कुठं सोडवलं? तुमीच म्हणलाव नव्हं, म्हणाल तवा सोडंल."

दारातल्या बांगड्या वाजल्या. मी तिकडे बघितलं नाही.

"ते मी आपलं बोलण्यात बोलले काकू."

"बोलण्यात?" त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "सुमनबाई, मी तुमच्या घरी गप्पा मारायला न्हवते आले. इचारायला आले होते."

आतला टीव्ही बारीक झाला. मंजुळाबाईंनीही आवाज खाली आणला, आणि तो रागाचा आवाज नव्हता, ते मला जास्त लागलं.

"खरं सांगू का? मला वाटलं होतं तुमी म्हणसाल, पोरगी हुशार हाय, काम सोडायची न्हाई. तसं म्हणला असताव तर मी ह्यांना समजावलं असतं. सुजितचं कंत्राट हाय. सा महिने काम, मग घरी. कमावती सून मला नको होती व्हय? मी काय खुळी हाय? म्हणून तर तिच्या कामावरच्या बाईकडं आले, शेजारणीकडं न्हाई. पन तुमी म्हणलाव साधं पॅकिंग हाय, टाइमपास हाय. मी तसंच ह्यांच्या कानावर घातलं. ह्यांनी चार पाव्हण्यांत सांगितलं, सून दिवाळीपत्तर जाईल, मंग घरी. आता पाव्हण्यांत सांगितल्यालं कोण फिरवणार? मी फिरवू?"

"सुजितला विचारलंत?"

"त्यो काय म्हणंल? आप्पा म्हणतील तसं."

"मी बोलू का आप्पांशी? मी सांगते, मी खोटं बोलले होते."

"आन् मंग? सून खोटं सांगून गळ्यात बांधली, असं म्हणतील. तिचंच जगणं अवघड करसाल. ऱ्हाऊ द्या."

आतून रंगरावांनी विचारलं, "कोण आलंय गं?"

"कामावरची बाई हाय," मंजुळाबाई म्हणाल्या. "निघाली."

मी उठले. स्वरूपा माझ्यामागे चपलांपर्यंत आली. मला वाटलं आता रडेल, भांडेल, मला शिव्या देईल. मी शिव्या खायला तयार होते. उलट मला त्या हव्याच होत्या.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही पॅकिंग म्हणालात?"

"हो."

"मी पॅकिंगला एक दिवसही नव्हते."

एवढं बोलून ती आत गेली. नोकरी गेली त्याचं ती काही बोलली नाही, नवऱ्याचं नाही, सासूचं नाही. मी तिचं काम खोटं सांगितलं, एवढंच तिला लागलं होतं. रस्त्यात मी एका बांधकामाच्या विटांवर जाऊन बसले आणि रडले. कुणीतरी वॉचमन येऊन विचारून गेला, काकी, पाणी पाहिजे का. त्या पोरीचा एवढा अभिमान मिरवणारी मी. तिचं काम काय आहे ते मला बोलता आलं नाही, आणि तेही एका बाईच्या हातातली बशी बघून.

कुलदीपनं पाचवी बाई आणायला महिनाभराची मुदत दिली. तो तसा भला माणूस. म्हणाला, "ताई, एक आणा, कुठलीही आणा, मी नाव चढवतो." मी आणि दीपमालेनं संध्याकाळी चऱ्होली पालथी घातली. इतक्या इमारती, इतक्या खोल्या, एक बाई मिळायला काय हरकत होती?

एक बी. कॉम. झालेली मुलगी भेटली, तिला यायचं होतं. तिची सासू म्हणाली, फोन आत नेऊ देत नाहीत ना, मग मी फोन केला तर ती उचलणार कशी? एकीचा नवरा म्हणाला, कर की, पण सकाळचा डबा, पोराची शाळा आणि संध्याकाळचं पाणी बघून कर. पाणी आमच्याकडे संध्याकाळी पाचला येतं आणि दुसऱ्या पाळीत पाचला आम्ही टेबलावर असतो. एक बाई तयार झाली, कागद भरले, आणि तिच्या भावानं गावाकडून फोन करून नको म्हणून सांगितलं. भाऊ पाच वर्षांत तिच्याकडे आलेला नव्हता, पण फोनवरून नको म्हणायला त्याला वेळ होता. त्या महिन्यात मला एकही बाई अशी भेटली नाही, जिला काम नको होतं. हे मी शपथेवर सांगते.

एका घरी मात्र म्हातारीनं विचारलं, "काम कसलं असतं गं?" मी मागे सरले. दीपमालेनं सांगितलं.

एक डिसेंबरला थांबा बंद झाला. दोघी जावांचं त्याच दिवशी घरी ठरलं, त्या एकत्रच सुटल्या. दीपमालेला कुणाला विचारायचं नव्हतं. तिनं लेकीला घेऊन चाकणला खोली केली, सामान टेम्पोत टाकलं आणि गेली. नवऱ्यानं टाकलेली म्हणून आम्ही जिची कीव करायचो, तीच एकटी कामावर राहिली.

मी मोशीच्या थांब्यावरून जायचं ठरवलं. पहिल्या पाळीला पावणेसहाला मोशीत पोचायला हवं. एक रिक्षावाला ठरवला, तो चार दिवस आला, पाचव्या दिवशी आला नाही. मग समाधान सोडायला लागला. मला सोडून परत यायचं, प्रज्वलला उठवायचं, स्वतःचा डबा भरायचा आणि भोसरीला पळायचं. दुसऱ्या पाळीला मला आणायला मध्यरात्री मोशीत उभं राहायचं. कुरकुर करत का होईना, पण त्यानं दीड महिना ते केलं, हे सांगायला हवं. जानेवारीत डुडुळगावाजवळ खडीवर गाडी घसरली. मला काही झालं नाही, त्याचं मनगट मोडलं. वेल्डरचं उजवं मनगट. प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून तो म्हणाला, "सुमन, असं किती दिवस?" त्यात राग नव्हता. राग असता तर मी कडाकडा भांडले असते, तेवढं मला येतं. त्याचा चेहरा दमलेला होता. मी त्याला दूध-हळद दिली.

त्यानंतर पंधरा दिवस मी रजा टाकली, मग रजा संपली.

राजीनाम्याला कंपनीच्या ऑफिसात जावं लागतं. सहा वर्षांत मी त्या थंडगार खोलीत दुसऱ्यांदा गेले. सुखदा मॅडम म्हणून एक मुलगी बसते, सव्वीस-सत्तावीसची, हिंजवडीहून बदलून आलेली. पुण्यात राहते, रोज कंपनीच्या कॅबनं येते. बोलायला गोड. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कॉम्प्युटरवर माझं नाव काढलं.

"सहा वर्षं! आणि एकही विनापरवाना सुट्टी नाही. का सोडताय सुमनताई?"

"बसचा थांबा बंद झाला."

"अरेरे. हो, पण कारणात काय टाकू?"

"हेच टाका की. थांबा बंद केला."

तिनं पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा, यातलंच एक निवडावं लागतं. लग्न, बाळंतपण, तब्येत, स्थलांतर, दुसरी नोकरी, घरगुती कारण. थांबा असं नाहीये यात."

मी चष्मा लावून सगळी यादी वाचली. लग्न होऊन जमाना झाला होता, बाळ होणार नव्हतं, तब्येत ठणठणीत होती. मी चऱ्होलीतच राहणार होते आणि दुसरी नोकरी मिळाली असती तर ही सोडायला मी पेढे घेऊन आले असते. मला तिला सांगावंसं वाटलं, की मॅडम, मी एका पोरीचं काम खोटं सांगितलं, म्हणून ती घरी बसली, म्हणून पाचाच्या चार झाल्या, म्हणून मी इथे बसलेय. ते कुठल्या रकान्यात बसतं?

"मिस्टर काय म्हणतात?" तिनं मायेनं विचारलं.

"त्यांचा हात मोडलाय."

"मग घरगुतीच ना?"

"बाकीच्यांचं काय टाकलंत? चऱ्होलीच्या?"

तिनं बघून सांगितलं. "स्वरूपाचं घरगुती कारण. त्या दोघी जावा होत्या ना, त्यांचंही घरगुती. अहो, बायकांचं बहुतेक तेच असतं. वर्षाच्या शेवटी आम्ही रिपोर्ट करतो ना, त्यात नव्वद टक्के तेच येतं. साहेब म्हणतात, आपण एवढ्या सोयी देतो तरी बायकांना घरच सुटत नाही."

एरवी मी टेबलावर हात आपटून त्या साहेबांना बोलावून घेतलं असतं. माझी जीभ कशी आहे, ते अख्ख्या लाइनीला ठाऊक होतं. पण पडद्यावर आता सोडून गेलेल्यांची यादी होती, तिच्यात एकाखाली एक स्वरूपाचं नाव होतं, जावांची होती आणि त्यांच्याखाली एक रिकामी ओळ होती. स्वरूपाच्या नावासमोर कामाच्या रकान्यात स्वच्छ लिहिलं होतं, चेकिंग. मी ते दोनदा वाचलं.

"टाका," मी म्हणाले.

"घरगुती कारण," ती टाइप करता करता मोठ्यानं म्हणाली, कागद छापून घेतला आणि मी जिथे सही करायची, तिथे पेन्सिलीनं खूण केली. मी सही केली.